दारात पाहुणे, शेगडीवर फक्त मसालेभात

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी कार्यालयातील सहा जणांना रात्री जेवायला बोलावले आणि पुऱ्या, बटाटेवडे, पनीरची भाजी, मटकीची उसळ, पुलाव, टोमॅटोचे सार आणि गुलाबजाम असा सात पदार्थांचा घाट एकटीने घातला. त्यातील निम्मे पदार्थ कढईतून थेट ताटात पडले तरच खाण्यासारखे होते. परिणामी बाहेरच्या खोलीत गप्पा रंगत होत्या आणि मी मात्र दीड तास तेलाच्या कढईसमोर उभी होते. अखेर मी ताट घेऊन बाहेर आले, तेव्हा पाहुण्यांचे हात धुऊन झाले होते. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर हे सारे सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, त्यांना भेटायला बोलावलं होतंस की झारा वाजलेला ऐकायला?"

त्यानंतर पाहुण्यांच्या जेवणाचा बेत ठरवताना मी पदार्थांची संख्या मोजणे सोडले आणि घड्याळ पाहू लागले. पाहुणे दारात येतील तेव्हा शेगडीवर एकच पदार्थ असावा, आणि तो असा असावा की त्याचा वास पाहुण्यांना चपला काढतानाच यावा. बाकीचे सगळे पदार्थ थांबल्यामुळे बिघडणारे नव्हेत, तर मुरल्यामुळे अधिक चांगले लागणारे निवडावेत. या हिशेबाने आमच्या घरी आता एक बेत जवळजवळ कायमचा ठरून गेला आहे: श्रीखंड, भरली वांगी, पोळ्या, खमंग काकडी, मठ्ठा आणि मसालेभात. आम्ही दोघे आणि सहा पाहुणे अशा आठ जणांसाठी पुढील प्रमाणे दिली आहेत.

बेताची सुरुवात जेवणाच्या दोन दिवस आधी होते. शनिवारी रात्री पाहुणे यायचे असतील, तर गुरुवारी रात्री म्हशीचे २ लिटर सायीसकट दूध तापवून, कोमट झाल्यावर त्याला विरजण लावावे. शुक्रवारी सकाळी घट्ट लागलेले दही पातळ सुती कापडात बांधून टांगावे. आई खिडकीच्या कडीला टांगत असे. परंतु पुण्याच्या उन्हाळ्यात दही संध्याकाळपर्यंत आंबट होते, म्हणून मी ती पुरचुंडी चाळणीत ठेवते, चाळणी एका पातेल्यावर ठेवते, वर हलके वजन ठेवते आणि हे सगळे फ्रिजमध्ये सरकवून कामाला जाते. संध्याकाळी परतल्यावर साधारण ८०० ग्रॅम चक्का मिळतो. जुन्या पद्धतीप्रमाणे चक्क्याइतकीच साखर घालतात. मला ते फार गोड वाटते, त्यामुळे मी ६०० ग्रॅम घालते. साखर चक्क्यात मिसळून दोन तास तसेच ठेवावे, म्हणजे ती विरघळते, आणि मग पुरणयंत्रातून फिरवावे. हाताने किंवा मिक्सरने घोटलेल्या श्रीखंडात आणि पुरणयंत्रातून काढलेल्या श्रीखंडात जो फरक पडतो तो जिभेला पहिल्या घासातच कळतो, कारण मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो आणि हाताने घोटताना गुठळ्या राहतात. कोमट दुधात खललेले केशर, वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ घातले की काम संपते. सुकामेव्याचा थर मी देत नाही. चारोळी थोडी पुरते.

पातेल्यात निथळलेले पाणी फेकू नये. पोळ्यांची कणीक मी त्याच पाण्यात मळते. त्या आंबूस पाण्याने पोळी मऊ राहते आणि तिला एक सूक्ष्म चवही येते, ज्याबद्दल आजवर तीन पाहुण्यांनी तरी विचारले आहे.

श्रीखंडाबरोबर पुरी हवी, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातही त्यावर वाद झाला आहे. तरीही पुरी हा पदार्थ यजमानाला बैठकीतून उठवून स्वयंपाकघरात कोंडतो, म्हणून मी ती जोडी जाणीवपूर्वक मोडली. घडीच्या पोळ्या पाच वाजेपर्यंत करून, तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या, तर नऊ वाजताही त्या लुसलुशीत असतात. भात असल्यामुळे २० पोळ्या पुरतात.

वांगी शनिवारी दुपारी करावीत. मंडईत काटेरी देठांची, लहान, चमकदार वांगी पाहून घ्यावीत; हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकी लागणारी वांगी बियांची आणि जून निघण्याची शक्यता कमी असते. साधारण पाऊण किलोत १६ ते १८ वांगी येतात. देठ ठेवून खालून चार चिरा द्याव्यात आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत, म्हणजे ती काळी पडत नाहीत. सारणासाठी एक वाटी दाण्याचे कूट, अर्धी वाटी भाजून चुरलेले सुके खोबरे, दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळांची पूड, दीड चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ आणि चिंचेचा कोळ एकत्र कालवावा. हे सारण कच्चेच चाखून पाहावे, कारण वांगे स्वतः फारशी चव आणत नाही. सारणात गूळ आणि चिंच यांचा तोल जिभेला जाणवला, तरच भाजीत तो येतो. वांगी भरून झाल्यावर सारण उरले पाहिजे, त्याचाच रस्सा होतो. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत वांगी अलगद सोडून, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर शिजवावीत. झाकणावरचे पाणी तापले की तेच भाजीत ओतायचे, म्हणजे गार पाण्याने शिजणे थांबत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत देठाजवळ सुरी सहज शिरते. दुपारी केलेली ही भाजी रात्री मंद आचेवर गरम केली, की तेल वर येते आणि मसाला वांग्याच्या आतपर्यंत गेलेला असतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट इतक्या ठिकाणी असते, की ते आपल्याला वेगळे दिसतही नाही. पाहुण्यांना बोलावतानाच कोणाला शेंगदाणे चालत नाहीत का, हे विचारून घ्यावे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी गंभीर असू शकते, आणि या बेतात वांगी व काकडी अशा दोन ठिकाणी कूट आहे. कोणाला चालत नसेल, तर मी सगळ्यांसाठीच वांग्यांत तीळ व खोबरे वाढवते आणि काकडीत ओले खोबरे घालते. एका माणसासाठी वेगळी वाटी काढली, तर चमचे बदलतात.

काकडीबद्दल थोडक्यात. ती किसू नये, चोचवावी, म्हणजे सुरीने उभे-आडवे घाव घालत बारीक चिरावी. किसलेल्या काकडीला पाणी सुटते आणि दाताखाली काही येत नाही. चोचवलेली काकडी फ्रिजमध्ये ठेवून, वाढण्याच्या पाच मिनिटे आधी तिच्यात कूट, साखर, लिंबू आणि तूप-जिरे-हिरव्या मिरचीची फोडणी घालावी आणि मीठ अगदी शेवटी. मठ्ठ्यासाठी ताकात आले, मिरची आणि कोथिंबीर वाटून घालावी, हिंग, जिरेपूड, मीठ आणि चिमूटभर साखर घालून ते पाचच्या सुमाराला गार करायला ठेवावे.

आता मसालेभात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या शेजारी बसणारा हा भात आपण इतक्या कार्यालयांतून खाल्लेला आहे, की घरी पाहुण्यांसाठी तो करावा असे पटकन सुचत नाही. पण कार्यालयातील भात मोठ्या पातेल्यात तासभर झाकून ठेवलेला असतो, आणि घरी दहा मिनिटांपूर्वी उतरवलेला भात ही निराळीच वस्तू आहे. माझा पहिला मसालेभात मी प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन केला होता आणि त्याची खिचडी झाली होती. तेव्हापासून जाड बुडाचे पातेले, घट्ट झाकण आणि धीर, एवढ्याच गोष्टींवर माझा विश्वास आहे.

तांदूळ कोणता, यावर मतभेद आहेत. आंबेमोहोराचा सुगंध मला प्रिय आहे, पण तो शिजल्यावर मऊ आणि किंचित चिकट होतो, म्हणून तो मी वरण-भातासाठी राखते. मसालेभाताला जुना कोलम किंवा बासमती घेते. २०० मिलिलिटरच्या मोठ्या वाटीने तीन वाट्या तांदूळ धुऊन, अर्धा तास चाळणीत निथळत ठेवावेत. तोंडली उभी चार भाग करून, फ्लॉवरचे तुरे आणि मटार असे मिळून तीन वाट्या भाज्या तयार असाव्यात. सहा वाट्या पाणी दुसऱ्या शेगडीवर उकळायला ठेवावे. ही सर्व तयारी साडेसातपर्यंत झालेली असते आणि घंटा वाजण्याची वाट पाहत मी शांतपणे साडी नेसू शकते, जे त्या पहिल्या वर्षी मला जमले नव्हते.

पाहुणे आले, पाणी दिले, की पातेल्यात तेल आणि तूप मिळून चार मोठे चमचे तापवावे. मोहरी, जिरे, हिंग, हळद, तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, कढीपत्ता आणि मूठभर काजू, या क्रमाने फोडणी करून आधी फक्त तोंडली परतावीत, कारण ती शिजायला सर्वांत हट्टी असतात. चार मिनिटांनी इतर भाज्या घालाव्यात, नंतर तांदूळ. तांदूळ दोन-तीन मिनिटे परतल्यावर झाऱ्याला हलका लागू लागतो आणि पातेल्यात वाळूसारखा आवाज करतो. तेव्हा दोन मोठे चमचे गोडा मसाला, एक चमचा धने-जिरे पूड, तिखट आणि मीठ घालून क्षणभरच परतावे, कारण मसाला जळला तर भात कडू होतो. उकळते पाणी, गुळाचा लहानसा खडा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून आच मोठी ठेवावी. पाणी तांदळाच्या पातळीला आले की आच अगदी मंद करून झाकण लावावे. १२ ते १५ मिनिटांनी शेगडी बंद करावी आणि पुढची १० मिनिटे झाकणाला हात लावू नये. हा भाग सर्वांत अवघड आहे, विशेषतः घरात कोणी झाकण उचलून पाहणारे असेल तर.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे जेवायला आलेल्यांपैकी एक सहकारी मूळची तमिळनाडूतील, चेट्टिनाड भागातली आहे. मसाला तुपात पडताच ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "हे कल्पासी आहे." मी तिला गोड्या मसाल्याची बरणी दाखवली, धने, सुके खोबरे, तीळ, नागकेशर, दगडफूल अशी घटकांची नावे सांगत गेले, आणि दगडफुलापाशी तिने मला अडवले. आपण ज्याला दगडफूल म्हणतो, तेच त्यांच्याकडे कल्पासी म्हणून चेट्टिनाड मसाल्यात पडते. नावात फूल असले तरी ते फूल नाहीच. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून खडकांवर, झाडांच्या सालींवर वाढणारी ती एक जीवजाती आहे, आणि डब्यात असताना तिला जवळजवळ वासच नसतो. तेलातुपाची उष्णता लागली, की तो मातकट, धुरकट, ओल्या लाकडासारखा वास सुटतो. गोड्या मसाल्याचा जो वास आपल्याला आजोळची आठवण करून देतो, त्यातला बराचसा वाटा या काळपट पापुद्र्यांचा आहे. तिने पुढे सांगितले, की त्यांच्या घरी तो वास कोंबडीच्या रश्श्याचा. बिनकांद्याच्या भाताला तो येताना ती प्रथमच अनुभवत होती.

वाढताना मी पंगतीची रीत पाळते, फक्त केळीच्या पानाऐवजी स्टीलची मोठी ताटे असतात. मीठ आणि लिंबू वरच्या बाजूला, काकडी डावीकडे, वांगी उजवीकडे, श्रीखंड वाटीत. भाताची मूद पाडून वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि शेवटी तूप घालते. रंगांची वेगळी सजावट करावी लागत नाही; पांढरे खोबरे, हिरवी कोथिंबीर, केशरी श्रीखंड आणि काळसर वांगी यांनी ताट आपोआप भरते.

त्या रात्री पावणेनऊला मी इतरांबरोबरच ताटावर बसले. भात संपला, वांगी दोन उरली. निघताना त्या सहकारीने संकोचत विचारले, "ताई, बरणीतला थोडा मसाला देशील?" मी तिला छोट्या डबीत मसाला आणि कागदाच्या पुडीत मूठभर दगडफूल बांधून दिले. सोमवारी ती डबी परत आली, तेव्हा तिच्यात तिच्या आईने पाठवलेली मिळगाय पोडी, म्हणजे डाळी आणि सुक्या मिरच्यांची कोरडी चटणी होती.