कोपरा फाटलेलं कार्ड

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तीन दिवस उरले

दुपारचे अडीच. बाहेर ४४ अंश आणि लाइट अकरापासून नाही. अमळनेरच्या उन्हाळ्यात दुपारी दोनच गोष्टी करता येतात, झोपणं किंवा जुने कागद उपसणं. झोप येत नाही.

भंगारवाल्याकडून काल आणलेलं गाठोडं आज सोडलं. बाजारपेठेतलं एक जुनं दुकान पाडलं, त्याच्या माळ्यावरची ही रद्दी. लाल कापडी बांधणीच्या सहा चोपड्या आणि तारेत ओवलेली पोस्टकार्डं. एक तराजूही होता, तो त्यानं दिला नाही, पितळ आहे म्हणे. चोपड्या किलोवर दिल्या, कार्डांचे मात्र वेगळे पैसे मागितले. मला बघितलं की त्याचा भाव चढतो. दोष माझाच. मागच्या वेळी एक फोटो हातात घेऊन त्याच्यासमोरच "अगंबाई!" म्हणून बसले होते.

पूर्वी पेढीवर आलेलं प्रत्येक कार्ड वाचून झालं की मुनीम ते तारेत टोचायचा. खाली लाकडी चकती, वर आकडा. तार भरली की माळ्यावर. त्यामुळे या कार्डांना सगळ्यांना मधोमध एक भोक आहे आणि भोकाभोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ. संग्राहक अशी कार्डं 'खराब' म्हणून बाजूला टाकतात. मला ती आवडतात. चकचकीत, कोरी राहिलेली कार्डं कुणी कधी वापरलीच नाहीत, त्यांच्याकडे सांगायला काय असणार?

मोजली. एकशे बारा निघाली. तारेतून काढताना घाई केली नाही, एकेक कार्ड फिरवत वर घेतलं, तरी दोघांची भोकं फाटलीच. वाळवी लागलेली नाही हे नशीब. कसर मात्र भरपूर, दोन कार्डांच्या कडा जाळीदार झाल्यात.

संध्याकाळ

लाइट आली. पंख्याखाली कार्डं मांडायची म्हणजे प्रत्येकावर वजन ठेवायचं, म्हणून स्वयंपाकघरातली सगळी भांडी इथे आली आहेत. चहा करायला पातेलं नाही.

सालवारी लावायला बसले. आपल्याकडे कार्डानंच आपलं वय सांगितलेलं असतं, फक्त बघता आलं पाहिजे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. हा पाव आणा पुढे चाळीसेक वर्षं टिकला आणि १९२२ साली अर्धा आणा झाला. म्हणून छापील तिकिटावर 'हाफ अॅना' दिसलं की कार्ड त्यानंतरचं. मग डोकं कुणाचं ते बघायचं. सातवा एडवर्ड असेल तर १९०२ नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर १९११ नंतरचं. नवे पैसे दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं, आणि मग मी ते निमूटपणे बहिणीच्या मुलाला देऊन टाकते.

शिक्का पुसट असला तर मजकुरातली मिती कामाला येते. मराठी माणूस शक लिहितो, त्यात ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडवा असेल तर ७९. आपल्या भागातले गुजराती-मारवाडी व्यापारी संवत लिहितात, त्यातून ५७ वजा, आणि दिवाळी ओलांडली असेल तर एक वर्ष अलीकडे-पलीकडे. एका तारेत शक, संवत आणि इंग्रजी तारीख तिन्ही. सत्तर-ऐंशी कार्डं एकाच विषयावर आहेत, कापूस. भाव चढला, भाव उतरला, गाड्या पाठवा, गाड्या पाठवू नका. एकानं तर आख्ख्या कार्डावर एकच वाक्य लिहिलंय, "तार मिळाली, माणूस येतो."

तळाशी एक कार्ड वेगळं लागलं. खालचा डावा कोपरा फाटलेला. आधी वाटलं कसर. पण फाटल्याची रेघ सरळ होती, हातानं काढलेली.

बाजूला ठेवलंय.

आखाजी

दुपारपर्यंत फोटो नाहीत, कार्डं नाहीत. सकाळी घागर भरली, पितरांची पूजा झाली, आगारी टाकली, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. शिरपूरची आत्या काल संध्याकाळीच आली. अठ्ठ्याहत्तरीत माहेरी येण्याची हौस तशीच. झोक्यावर बसली नाही, पण झोका देणाऱ्या पोरींना दोर नीट बांधला नाही म्हणून ऐकवून आली.

जेवण झाल्यावर तिनंच ट्रंक काढायला लावली. आमच्या घरची ट्रंक, आजीची. त्यात फोटो फार नाहीत, तीसेक. मी उघडताना चाचरले, कारण त्यात माझी एक चूक ठेवलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी आजोबांचा फोटो काचेच्या चौकटीतून काढला होता. चाळीसच्या दशकातला, जिलेटिनचा कागद. आजोबांच्या गालावर बुरशीचे ठिपके आले होते. मी शाळेत चित्रकला शिकवते, हात हलका आहे असा मला भ्रम. कापूस ओला केला, पिळला, अगदी हळू गालावरून फिरवला. ठिपका गेला. म्हणून पुन्हा फिरवला. तेव्हा बोटाखाली काहीतरी बुळबुळीत लागलं, शाबुदाण्याच्या खिरीवरची साय बोटाला लागावी तसं. जिलेटिन पाण्यानं फुगतं, फुगलं की मऊ होतं, आणि चित्र त्या थरातच असतं. कापसावर राखाडी डाग आला. तो डाग म्हणजे आजोबांचा डावा गाल.

कापूस मी टाकलेला नाही. कागदाच्या पुडीत फोटोशेजारीच आहे.

आत्यानं तो फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "कसाले घासस वं त्याले?" एवढंच. मग पुढचा फोटो उचलला. मी सुटले.

पुढचा फोटो माझ्यासाठी कायमचा कोडं होता. स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर विलायती जिना आणि तळं. समोर नऊवारीतली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, एक हात उंच स्टुलावरच्या कागदी फुलांपाशी, पाय अनवाणी. संगमरवरी जिन्यापुढे अनवाणी पाय, हा विनोद आपल्याकडच्या शेकडो फोटोंत आहे आणि फोटोतल्या कुणालाच तो कळलेला नाही. मागे पेन्सिलीनं फक्त एक आकडा, निगेटिव्हचा नंबर असावा. मी ही मुलगी म्हणजे आजी धरून चालले होते. घरच्या ग्रुपवर 'आजी, लग्नाआधी' म्हणून टाकलीही होती, सगळ्यांनी हात जोडले होते.

"हाई मन्ही मोठी बहीन शे," आत्या म्हणाली.

आत्याला मोठी बहीण होती हे आमच्या पिढीत कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची. फोटो काढायला घरातले सगळे चालत गेले होते, आत्याला नेलं नाही म्हणून ती रडली, एवढं तिला आठवतं. फोटोवाल्यानं हलू नको सांगितलं तर बहिणीनं श्वासच धरला आणि घरी आल्यावर चक्कर आली, ही गोष्ट मग घरात बरीच वर्षं हसून सांगितली जायची. नंतर नाही सांगितली.

मी मऊ पेन्सिलीनं, पालथ्या कागदावर, कडेला, नाव आणि नातं लिहिलं. बॉलपेन कधीच वापरू नये, दाब पुढे उमटतो आणि शाई उतरते. आत्या बघत होती. म्हणाली, गडद लिही की जरा.

दुसरा दिवस

सकाळी आत्या देवळात गेली तेवढ्यात घड्याळजीचं भिंग लावून बसले. हे भिंग माझं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार आहे. चित्राचं पोस्टकार्ड हातात आलं की आधी भिंग. ठिपक्यांची जाळी दिसली, जशी वर्तमानपत्रातल्या फोटोत असते, तर ते छापलेलं. काहीच जाळी नाही, काळ्यातून पांढऱ्याकडे सरळ उतार, तर खरा फोटो. आणि अंधाऱ्या भागात, कडेला, तिरक्या उजेडात निळसर चंदेरी झाक आली की समजावं फोटोच्या थरातली चांदी वर आली आहे. ती पुसायची नाही. हे मी सांगतेय!

माझ्याकडे अजिंठ्याचं एक जुनं चित्रकार्ड आहे, लेण्यांच्या घोड्याच्या नालेसारख्या डोंगराचं. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी, मधली उभी रेघ नाही. त्या वेळी मागे मजकूर लिहायची परवानगीच नसे, इंग्लंडात ती १९०२ मध्ये मिळाली, इतर देशांत पुढेमागे. म्हणून लिहिणाऱ्यानं पुढे, डोंगराच्या वरच्या आभाळात, बारीक अक्षरात चार ओळी कोंबल्या आहेत. ऊन फार, पाणी गढूळ, चित्रं अद्भुत. शंभरेक वर्षांत आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल कुणाचं मत बदललेलं नाही.

अजिंठा म्हटलं की मला इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आठवतो. १८४४ पासून वर्षानुवर्षं तो भित्तिचित्रांच्या नकला रंगवत बसला. त्यातल्या बहुतेक लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, त्या १८६६ च्या आगीत जळाल्या. मग म्हातारपणी पुन्हा सुरुवात. शेजारी कॅमेराही होता, दोन भिंगांतून बघायचे जोडफोटो त्यानं काढले आणि १८६४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. तो गेला एप्रिल १८७९ मध्ये आणि त्याला पुरलं भुसावळात. म्हणजे पाव आण्याचं कार्ड निघायला तीन महिने सुद्धा उरले नव्हते. याला काही अर्थ नाही, मला माहीत आहे. पण जुने कागद जमवणाऱ्या माणसाला असल्या तारखा एकमेकींशेजारी ठेवायचा नाद असतो.

चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी परत जायचं राहिलंच आहे. स्टेशनजवळच्या त्या घरात पन्नासेक वर्षं जवळजवळ न बाहेर पडता त्यांनी टेबलावर वस्तू मांडून मांडून फोटो काढले. मागच्या वेळी गाडीची वेळ झाली म्हणून धावत निघाले होते. या सुट्टीत आत्याला घेऊन जाईन. ती 'उन्हाचं कुठं' म्हणेल.

रात्री

फाटक्या कोपऱ्याचं कार्ड धुळ्याच्या एका ओळखीच्यांना फोनवर फोटो काढून पाठवलं होतं, ते मोडी सराईत वाचतात. मला मोडी येते पण अडखळत, आणि व्यापारी मोडी तर झपाट्याची. उत्तर आलं.

शके १८४५, पौष शुद्ध ५. म्हणजे जानेवारी १९२४. अर्ध्या आण्याचं कार्ड, पाचवा जॉर्ज, सगळं जुळतं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मग "...राव यांस काल प्रहर रात्री देवाज्ञा झाली." नावाचा पुढचा भाग कळत नाही, तारेचं भोक नेमकं तिथेच पडलंय. त्याच्याच खालच्या ओळीत, थांबा न घेता, त्यांच्याकडे निघणाऱ्या कापसाच्या गाठींचा हिशेब सुतक फिटल्यावर मुलगा करील, तोवर माणूस पाठवू नये.

आत्याला वाचून दाखवलं. ती एकदम मागे सरकली.

तिच्या लहानपणी असं, कुणी गेल्याची बातमी म्हणून कोपरा फाडून पाठवलेलं कार्ड आलं की पोस्टमन घरात यायचा नाही. ओट्याखाली उभा राहून फाटका कोपरा दाखवायचा. आजी हातातलं काम टाकून बाहेर जायची, कुणीतरी वाचायचं, आणि तिथेच त्याचे तुकडे करून गटारीत. हातपाय धुऊन मगच आत. तिच्या बहिणीचं कार्डही असंच आलं, असंच गेलं. "वाची लिधं ना? मंग फाडी टाक," ती मला म्हणाली. "घरमा नको ठेवू."

मग माझ्या लक्षात आलं की आजीच्या ट्रंकेत पन्नास-साठ कार्डं आहेत आणि त्यांत एकही मेलेलं माणूस नाही. मुलगा झाला, मुलगी झाली, साखरपुडा ठरला, मिरची वाळत घातली, भरताची वांगी पाठवतो. सगळी घरं अशी. दहा-बारा वर्षांत मी इतक्या घरांच्या ट्रंका चाळल्या, इतकी गाठोडी विकत घेतली, कोपरा फाटलेलं कार्ड मला हे पहिलं मिळालं, तेही दुकानातून. मुनिमाला त्यातला गाठींचा हिशेब हवा होता, म्हणून त्यानं ते फाडलं नाही, भावांच्या कार्डांत टोचून टाकलं.

आत्याशी वाद घातला नाही. फाडणार नाही असं मात्र सांगितलं. ती म्हणाली, मग तुझं तू बघ, पण मी आहे तोवर उंबऱ्याच्या आत नको. ती परवा जाणार.

दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, वर सुती कापड गुंडाळून, कार्ड ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलं आहे. शेजारी पणतीचं तेल होतं, ते काढून आत आणलं. पावसाची भीती नाही, मांजरीची आहे, म्हणून समोर वीट लावली.