जॅकवर गाडी: मागचं चाक घरीच काढलं तेव्हा

थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकातून ‘खट्’ असा झटका यायचा. चेनचा ताण बरोबर होता, स्प्रॉकेटचे दात शाबूत होते, म्हणजे हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) झटका शोषणारी कपलिंग रबरं झिजली होती. ती बदलणं तसं सोपं. चाक काढायचं, स्प्रॉकेटचा भाग ओढून वेगळा करायचा, जुनी रबरं काढून नवी दाबून बसवायची. अवघड होतं ते त्याच्या आधीचं. माझ्या गाडीला डबल स्टँड नाही. साधारण १९० किलोची गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी राहते, आणि मला तिचं मागचं चाक हवेत हवं होतं.

पहिल्या वेळी मी कारच्या डिकीतला सिझर जॅक, म्हणजे स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडणारा जॅक, घेतला. त्याचं डोकं लहान असतं आणि मधे खाच असते. कारच्या दाराखालची पत्र्याची कड त्या खाचेत बसावी म्हणून ती केलेली असते. मी तो इंजिनाखालच्या एका नळीला लावला आणि मधे लाकडाची पट्टी ठेवली. स्क्रू फिरवत गेले तसं चाक दोन बोटं वर आलं, साइड स्टँडही जमिनीवरून सुटला, आणि मला वाटलं काम झालं. मग एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, नटाला लांब दांड्याचा पाना लावून जोर दिला.

नट हलला नाही, गाडी हलली. लाकडाची पट्टी नळीवरून सरकताना करकर असा बारीक आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे. मी पाना टाकला, सीटच्या कडेखाली खांदा घातला आणि मागची ग्रॅब रेल धरून तशीच उभी राहिले. जॅक डाव्या बाजूला कललेला दिसत होता. तिसऱ्या हाकेला भाऊ खाली आला. त्याने हँडल धरलं आणि मी पायाने स्टँड पुढे ओढून एका हाताने जॅकचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने उलटा फिरवला. गाडीला आणि मला काही झालं नाही, पण दंड दोन दिवस दुखत होता. गाडी कोसळली असती तर मी तिच्या आणि भिंतीच्या मधे होते, हे मला रात्री लक्षात आलं.

त्यानंतर पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही. फक्त टॉर्च घेऊन तिच्याखाली बघत राहिले. आपल्या गाडीची चेसिस खालून कशी आहे हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. माझ्या गाडीच्या इंजिनाखालून दोन समांतर नळ्या मागेपर्यंत जातात, त्यामुळे रुंद डोक्याचा जॅक दोन्ही नळ्यांवर एकाच वेळी टेकू शकतो. सगळ्याच गाड्यांना हे जमत नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिन हाच चेसिसचा भाग असतो, खाली नळ्या नसतातच. तिथे जॅक थेट इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसवर, ऑइलच्या ड्रेन बोल्टवर किंवा सायलेन्सरच्या बेंड पाइपवर येतो, आणि यांपैकी एकही जागा वजन घेण्यासाठी केलेली नाही. अशा गाडीचं मागचं चाक काढायचं असेल तर स्विंग आर्मला (मागचं चाक ज्यात बसतं त्या वर-खाली हलणाऱ्या दुहेरी दांड्याला) धरून मागचा भाग उचलणारा पॅडॉक स्टँड घ्यावा. मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या, काही गाड्यांत मागच्या सस्पेन्शनच्या लिंका खालीच असतात, त्यांच्याखालीही जॅक नको.

मग मोटरसायकलसाठीचाच सिझर जॅक आणला. त्याचं डोकं रुंद, वर रबर लावलेलं, आणि स्क्रू बाजूने सॉकेट लावून फिरवायचा. स्क्रूचाच घेतला, कारण हायड्रॉलिक जॅकचं सील जुनं झालं की तो हळूहळू, आपल्या नकळत खाली बसतो. घेण्याआधी नळ्या जमिनीपासून किती वर आहेत ते मोजलं होतं. जॅक पूर्ण मिटल्यावर त्याखाली गेला पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर चाक काढण्याइतकी उंची मिळाली पाहिजे. किती वजन उचलतो हा आकडा सगळे बघतात, उंची मोजायला मात्र विसरतात.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना सुरुवात केली. टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवलं होतं. टाकी गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात असते, ती भरलेली असली की वजन उंचावर जातं आणि कलायला निमित्त मिळतं. फरशीवर लेव्हल ठेवून सपाट जागा निवडली. जॅकखाली जाड प्लायवूडचा तुकडा टाकला, म्हणजे त्याचे पाय फरशीच्या सांध्यात रुतणार नाहीत.

जॅकने गाडी उचलण्याआधी एक्सलचा नट सैल केला. दोन्ही चाकं जमिनीवर, भाऊ गाडीवर बसलेला, दोन्ही ब्रेक दाबलेले. पहिल्या वेळी ज्याने गाडी हलवली तोच पाना, तोच जोर, आणि नट ‘टक्’ करून सुटला. पूर्ण काढला नाही, फक्त अर्धा फेरा ढिला केला. ज्याला मोठा जोर लागतो ते सगळं चाक जमिनीवर असतानाच करायचं, हा माझा आता पक्का नियम आहे.

नंतर पुढचा ब्रेक लिव्हर रबरी पट्ट्याने ग्रिपला घट्ट बांधला. पुढचं चाक फिरलं नाही तर गाडी पुढे-मागे सरकत नाही. गाडी पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मधोमध आधीच घेतली होती. दोन रॅचेट पट्टे (खटक्याने ताणायचे) फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन शॉक ॲब्सॉर्बर नळ्यांच्या, खालच्या टीपासून (त्या नळ्या एकत्र धरणाऱ्या पट्टीपासून) दोन्ही बाजूंच्या खांबांच्या बुडाशी नेले. हँडलच्या टोकांना पट्टे बांधू नयेत, हँडल वळतं आणि पट्टा घसरतो. ताण थोडाच दिला. फोर्क जरासा दबला की पुरे.

जॅक मी उजव्या बाजूने आत सरकवला, कारण डावीकडे साइड स्टँड असतो. भावाने गाडी सरळ धरली. डोकं दोन्ही नळ्यांना टेकेपर्यंत स्क्रू फिरवला आणि दोन्हीकडे बोट घालून पाहिलं, कुठे फट आहे का ते. केबल, वायर, ब्रेकची नळी, काही मधे चेंगरत नाही ना तेही पाहिलं. मग उचलायला लागले, तर मागच्याऐवजी पुढचं चाक हलकं व्हायला लागलं! जॅक पुढे लागला होता. गाडीचा तोल जिथे आहे त्याच्या पुढे जॅक असला तर पुढचा भाग उचलला जातो, मागे असला तर मागचा. खाली घेतला, चार बोटं मागे सरकवला, नळ्यांच्या अगदी मागच्या टोकापाशी. आता मागचं चाक सुटलं आणि पुढचं घट्ट जमिनीवर राहिलं.

“ताई, सोडू का हात?”

“नको. मी सांगेपर्यंत धर.”

मी एवढ्यासाठी थांबवलं होतं की अजून सगळा भार जॅकवर होता. टायर चार बोटं वर आल्यावर मी दोन्ही नळ्यांखाली लाकडी ठोकळे रचले, एक थर आडवा, एक उभा, रुंद बुडाचे. ठोकळे पक्के, सुके, तडा नसलेले घेतले होते. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक मी वापरणार नाही, ते आधी काही न सांगता फुटतात. ठोकळे नळीच्या जेमतेम खाली आले की जॅक थोडा उतरवला आणि भार लाकडावर घेतला. जॅक काढला नाही, नळ्यांना टेकून तसाच राहू दिला. आता पुढचं चाक जमिनीवर, खाली दोन ठोकळे, आणि दोन पट्टे. जॅकने दगा दिला असता तरी गाडी जागच्या जागी राहिली असती.

मग मी गाडी हलवून पाहिली. आधी हँडल, मग सीटचं मागचं टोक, आधी एका हाताने, मग जरा जोराने. डावीकडे किंचित डुगडुगली. त्या बाजूच्या वरच्या ठोकळ्याखाली पातळ फळी सारली, पुन्हा हलवलं, तेव्हा ती नुसती स्प्रिंगवर हलली, खालून नाही. तेव्हाच भावाला म्हटलं, “आता सोड.” हे हलवून बघणं नट काढायच्या आधी करायचं असतं. नंतर कळून उपयोग नाही.

एक्सल बाहेर काढताना टायरखाली पायाचा चवडा घालून चाक अगदी थोडं वर धरलं. चाकाचं वजन एक्सलवर असेल तर तो अडकतो आणि मग आपण हातोडा शोधायला लागतो. वजन उचललं की तो बोटांनी ओढला तरी सरकत येतो. बाजूचे बूश (एक्सलवरच्या अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने फडक्यावर मांडले, फोटो काढला. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारा भाग) तारेने स्विंग आर्मला टांगला, नळीवर लोंबकळू दिला नाही, आणि दोन पॅडच्या मधे लाकडाची चिपटी अडकवली. चाक बाहेर असताना पेडलला चुकून पाय लागला तर पिस्टन बाहेर सरकतो.

चाक निघाल्यावर गाडी मागून हलकी झाली आणि भार पुढे सरकला. फोर्क अजून थोडा दबला, आणि मघाशी ताणलेले दोन्ही पट्टे सैल पडले. हे मी आधी कुठे ऐकलं नव्हतं. दोन्ही पुन्हा एकेक खटका ताणले, ठोकळे पाहिले. जड भाग काढला की तोल बदलतोच, म्हणून तेव्हाही सगळं पुन्हा एकदा हलवून बघावं.

रबरं बदलायला वीस मिनिटं लागली. जुन्या रबरांच्या कडा चपट्या होऊन चकाकत होत्या. नवी बसवताना साबणाचं पाणी लावलं, तेल नाही. रबरं बदलताना पूर्ण वेळ मी गाडीच्या मागे किंवा बाजूला बसून काम केलं. तिच्याखाली डोकं किंवा हात एकदाही घातला नाही.

चाक परत बसवून नट हाताने घट्ट केला, चेनचा ताण पुस्तिकेप्रमाणे, म्हणजे चेन २५ ते ३० मिलिमीटर वर-खाली हलेल इतका, ठेवला, आणि स्विंग आर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या की नाही ते पाहिलं. उतरवताना भावाला परत बोलावलं. आधी साइड स्टँड उघडला. गाडी जॅकवर असताना तो हवेतच असतो, आणि खाली येईपर्यंत उघडायचा विसरला तर गाडी टेकायला जागाच राहत नाही. मग जॅक थोडा वर घेऊन ठोकळे काढले, भावाने डावीकडून गाडी धरली, मी हळूहळू स्क्रू उलटा फिरवला. चाक टेकलं, तेव्हाच पट्टे सोडले आणि गाडी स्टँडवर कलवली.

जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून लावणाऱ्या पान्याने) नट पुस्तिकेत दिलेल्या ७० न्यूटन मीटरला घट्ट केला, मग चेनचा ताण पुन्हा मोजला, कारण घट्ट करताना तो थोडा बदलतो. ब्रेकचं पेडल सात-आठ वेळा दाबलं, पहिले तीन पूर्ण खाली गेले, मग टणक लागलं. नटावर आणि एक्सलवर मिळून पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर लगेच दिसेल.

दहा किलोमीटर फिरवून आणली. झटका गेला होता. घरी येऊन वाकून पाहिलं, रेघ होती तशीच सरळ होती.