फोटो एडिटिंगसाठी माऊस निवडताना मी डीपीआयचा आकडा बघणं सोडलं

एकदा एका मोकळ्या माळरानाचे सत्तरएक फोटो साफ करायला बसले होते. सगळे एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच बारीक करून काढलेले आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ, त्यामुळे प्रत्येक फोटोत निळ्या आभाळात तेच ते करडे ठिपके त्याच त्या जागी. लेन्सचं तोंड जितकं बारीक कराल तितकी ही धूळ ठळक दिसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असो, तो वेगळा विषय. तर हे सगळं मी लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर करत होते. ठिपक्यावर बोट नेऊन थांबवायचं, दाबायचं, आणि दाबताना बोट जरासं पसरलं की पॉइंटर बाजूला सरकायचा आणि डाग मिटवायचा हीलिंग ब्रश ठिपका सोडून शेजारचं आभाळच साफ करायचा. दहाव्या फोटोपर्यंत बोटाचं टोक दुखायला लागलं आणि मी ठरवलं की आता माऊस घ्यायचाच.

मग जे सगळे करतात तेच मी केलं, खोक्यावरचे आकडे बघितले. ज्याचा डीपीआय सगळ्यात मोठा तो सगळ्यात बारीक काम करणार असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. घेतला एक गेमिंगवाला, लाइटबिइट लागणारा. आणि एडिटिंगला तो ट्रॅकपॅडपेक्षाही वाईट निघाला.

का ते नंतर नीट समजून घेतलं, आणि हे प्रत्येकाने माऊस घ्यायच्या आधी समजून घ्यावं असं मला वाटतं. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं हललो म्हणून सांगतो तो आकडा. विंडोजमध्ये पॉइंटर स्पीडची पट्टी बरोबर मधोमध असेल आणि ॲक्सिलरेशन बंद असेल तर एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल. आता हिशोब करा. ८०० डीपीआयला हात १ मिलिमीटर हलला तर पॉइंटर साधारण ३१ पिक्सेल जातो, १६०० ला ६३, आणि ८००० ला तब्बल ३१५. आपला हात स्वस्थ ठेवला तरी थोडाफार हलतोच. म्हणजे मोठ्या डीपीआयला आपण त्या थरथरीचंच चित्र काढत बसतो. १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीन १६०० डीपीआयला तीनेक सेंटिमीटरमध्ये या टोकापासून त्या टोकाला पार होतो, ८०० ला सहा सेंटिमीटर लागतात. मला एडिटिंगला ८०० ते १२०० च्या मधलं काहीतरी बरं पडतं, स्क्रीन जास्त पिक्सेलचा असेल तर १६०० पर्यंत. हल्लीचा जवळपास कुठलाही साधा माऊस एवढं सहज देतो.

ॲक्सिलरेशनचंही सांगते. विंडोजमध्ये एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन नावाचा एक टिकमार्क असतो, नाव वाचून वाटतं हे चालू असलेलंच बरं. पण त्याचं काम असं की तुम्ही हात जोरात हलवला तर पॉइंटर जास्त अंतर जातो आणि हळू हलवला तर कमी, अंतर तेवढंच असलं तरी. काहींना हळूच्या कामाला ते आवडतं, मी त्यांच्याशी भांडणार नाही. मी मात्र बंद केलं, कारण हाताला सवय लागायची तर इतकं सरकवलं की इतकंच जाणार हे पक्कं पाहिजे, विशेषतः केसांच्या कडेने मास्क (फोटोचा जेवढा भाग बदलायचा तेवढाच निवडणारा थर) रंगवत जाताना.

आता खरा मुद्दा. धुळीच्या ठिपक्यांनी मला जे शिकवलं ते म्हणजे क्लिक. फोटो एडिटिंगमध्ये आपण एका बैठकीत शेकडो वेळा क्लिक करतो आणि प्रत्येक क्लिक नेमक्या जागी पडावा लागतो, क्लोन स्टॅम्पला, म्हणजे फोटोतला एक तुकडा दुसरीकडे उमटवायच्या साधनाला, ऑल्ट दाबून नमुन्याची जागा घेताना तर जरा हललं तरी विटांची ओळ वाकडी जुळते. माऊसचं बटण कडक असेल तर दाबायला जो जोर लागतो त्याने अख्खा माऊसच केसभर पुढे सरकतो. माऊस फार हलका आणि खालचे पाय गुळगुळीत असतील तर अजूनच. गेमसाठी हलका माऊस उत्तम, इथे मला थोडं वजन असलेला आवडतो. म्हणून माऊस हातात मिळाला की मी एकच परीक्षा घेते, कुठलाही फोटो २०० टक्के मोठा करायचा, एका बारीक ठिपक्यावर पॉइंटर न्यायचा, हाताकडे न बघता दहा वेळा क्लिक करायचं, आणि पॉइंटर होता तिथेच आहे का ते बघायचं. माझ्या त्या गेमिंगवाल्यात दहा क्लिकांत तो ठिपक्याच्या बाहेर गेलेला असायचा.

त्यानंतर चाक. चाकाकडे कोणी लक्ष देत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्कचा ब्रश हातात असताना चाक फिरवलं की ब्रशचा आकार बदलतो, शिफ्ट धरून फिरवलं की फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही मास्कच्या आकारांना असंच. फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून चाक फिरवलं की झूम. म्हणजे दिवसभर बोट चाकावरच असतं. आणि इथे टक टक असे स्पष्ट खाचे असलेलं चाक पाहिजे, एक टक म्हणजे एक पायरी. घसरत जाणारं गुळगुळीत चाक लांबलचक पानं वाचायला छान, पण ब्रशला ते फारच त्रासदायक, जरा बोट लागलं की आकार कुठल्या कुठे. काही माऊसमध्ये दोन्ही असतं, लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३एस मध्ये चाक खाचेवालं आणि मोकळं दोन्ही करता येतं, शिवाय अंगठ्याखाली आडवं दुसरं चाक आहे ज्याला ॲपप्रमाणे वेगवेगळी कामं लावता येतात. वजन १४१ ग्रॅम, म्हणजे वर म्हटलं तसा टेबलावर बसणारा. पण तो उजव्या हाताच्या आकाराचा आहे आणि चांगलाच मोठा, माझ्यासारखा लहान हात असेल तर अंगठ्याचं चाक जरा लांब पडतं, म्हणून मी तो घेतला नाही. बाजूची दोन बटणं मात्र हवीतच, मी एकाला अनडू आणि दुसऱ्याला फोटो आधी-नंतर बघायचा शॉर्टकट लावला आहे.

हाताचं दुखणं हा विषय मी उगाच लांबवणार नाही पण टाळणारही नाही. चार तास मास्क रंगवल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला जी कळ यायची ती माऊस बदलून अर्धी गेली आणि उरलेली कोपर टेबलावर टेकवून गेली. मनगट टेकवून नुसत्या बोटांनी माऊस ढकलायची सवय असेल तर ती सोडा, हात कोपरापासून हलू द्या. उभे माऊस मिळतात, हस्तांदोलन करतो तसा हात राहतो, लॉजिटेकच्या लिफ्टला ५७ अंशांचा कोन आहे आणि तो डावखुऱ्यांसाठीही येतो. मनगटाला खरंच आराम पडतो, पण क्लिकचा जोर मग आडवा लागतो आणि माऊस बाजूला सरकू शकतो, तेव्हा ती दहा क्लिकची परीक्षा इथे आणखी गरजेची. ट्रॅकबॉलमध्ये, म्हणजे वरचा गोळा बोटाने फिरवायच्या माऊसमध्ये, हा प्रश्नच नाही, तो जागचा हलत नाही आणि गोळा थांबला की पॉइंटर थांबला. फक्त बटण दाबून गोळा फिरवत लांब रेष ओढणं मला काही केल्या जमलं नाही.

वायरलेस घेणार असाल तर एक गोष्ट. छोटा रिसीव्हर लावायचा माऊस आणि फोटो साठवायची बाहेरची एसएसडी ड्राइव्ह शेजारशेजारच्या पोर्टला लावली आणि फोटो कॉपी व्हायला लागले की पॉइंटर अडखळायला लागायचा, मला वाटलं माऊस बिघडला. बिघडला नव्हता. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंधळ होतो, इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर कागद काढला होता, आणि माऊसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब न्या, थांबतं. लॅपटॉपला पोर्टच दोन असतील तर ब्लूटूथ बरा. आणि वायरचा माऊस जुनाट म्हणून सोडू नका, फक्त वायर मऊ हवी, ताठ वायर माऊसला मागे ओढत राहते.

पेन टॅब्लेट का नाही घेत असं विचाराल तर बरोबर आहे, चेहऱ्यावरची त्वचा आणि सावल्या रंगवायला पेनाला तोड नाही कारण त्याला दाब कळतो, माऊसला कळत नाही. मी ती उणीव ब्रशचा फ्लो (एका फटकाऱ्यात किती रंग चढतो ते) दहाच्या आसपास ठेवून भरून काढते, तीनचार वेळा हात फिरवायचा आणि रंग हळूहळू चढू द्यायचा. सरळ कड असेल तर एका टोकाला क्लिक आणि शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाला क्लिक, मधली रेष आपोआप सरळ येते. आणि स्लायडर ओढताना नेमका आकडा येत नसेल तर लाइटरूममध्ये उजवीकडच्या पॅनलची कड धरून ते रुंद करा, स्लायडर लांब होतो तेवढी बारीक हालचाल मिळते.

आत्ता माझ्याकडे आहे तो मध्यम आकाराचा, खाचेवालं चाक, मऊ क्लिक, १००० डीपीआयवर ठेवलेला, अगदी साधा दिसणारा माऊस. पहिल्याच दिवशी विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊस लावला की ट्रॅकपॅड बंद असं करून टाकलं, कारण ब्रश चालू असताना तळहात ट्रॅकपॅडला लागून मास्कवर जे फटकारे पडायचे ते शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. मग ते माळरानाचे उरलेले साठ फोटो उघडले आणि साफ करायला घेतले.