‘भीती वाटते का?’ ‘हो.’

किडनी देणाऱ्याच्या मुलाखतीतले प्रश्न आणि उत्तरं मला आता पाठ आहेत. कुणाचा दबाव आहे का? नाही. पैसे किंवा आणखी काही कबूल केलंय का? नाही. ऑपरेशनचे धोके सांगितले का? हो, डॉक्टरांनी सांगितले. भीती वाटते का? नाही साहेब. हा शेवटचा प्रश्न फॉर्मवर नाही. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या आमच्या कमिटीतले एक ज्येष्ठ डॉक्टर तो मायेपोटी विचारतात आणि ‘नाही साहेब’ ऐकून पुढच्या कागदाकडे वळतात. त्या दिवशी समोरची बाई ‘हो’ म्हणाली. कॅमेरा चालू होता.

मी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर आहे. लोकांना वाटतं हे काम म्हणजे ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता), पुढे पोलिसांची गाडी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तसं कधीतरीच होतं. रोजचं काम झेरॉक्स, नोटरी आणि ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ यांच्यात जातं. त्या बाईंचं नाव लिहीत नाही, ओळख पटेल अशा खुणाही गाळल्या आहेत. नवरा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर, त्या बालवाडीत शिकवतात, दोन मुली, राहायला शरणपूरच्या बाजूला. नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, एका वेळी चार तास. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे बायकोच्या किडनीवर हल्ला करेल असं काही नवऱ्याच्या रक्तात सापडलं नाही, आणि फाइल माझ्या टेबलावर आली.

नवरा-बायकोचं प्रकरण असलं की फॉर्म दोन. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा आणि २०१४चे नियम सांगतात की लग्न खरोखर झालंय का आणि किती वर्षांपूर्वी, हे तपासा. दाखला, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. हेतू चांगला आहे, कारण किडनी विकत घेऊन दात्याला बायको म्हणून उभं केल्याची प्रकरणं या देशात घडली आहेत. पण कागद बघणारा माणूस नियम वाचून बसलेला असावा एवढी तरी अपेक्षा ठेवायची की नाही? यांचा दाखला चर्चचा होता. ख्रिस्ती लग्न १८७२च्या कायद्याखाली लागतं, चर्चच्या विवाह नोंदवहीत वधू, वर, साक्षीदार आणि पाळक सह्या करतात आणि त्या नोंदीचा प्रमाणित उतारा हाच दाखला. आमच्या छाननीतून तो परत आला, वर पेन्सिलीने शेरा: ‘मनपाचा दाखला जोडणे.’ फोटोत नवरी पांढऱ्या साडीत होती, त्यावर ‘हा लग्नाचाच फोटो का?’ असंही तोंडी विचारून झालं.

मला राग आला तो यासाठी, की शरणपूर काही काल वसलेलं नाही. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात ही वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली आणि त्यांतली काही पुढे संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या शोधमोहिमेत गेली. अशा गावात चर्चचा दाखला ओळखू येऊ नये! शेवटी मी कायद्याची प्रत काढली, लागू कलमांखाली रेघा मारल्या आणि फाइलला टाचून दिली. शेरा खोडरबराने पुसला गेला. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता माझ्या कामाचा तो भाग, ज्याचा मला अभिमान आहे. स्त्री दाता असेल तर जास्त काळजी घ्या, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळा, असं नियमातच आहे. बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ माहेरच्या माणसाची एक सही एवढाच उरतो. मी दाराला आतून कडी लावून बाईशी एकटीशी बोलते. कारण उघड आहे. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे देशभराचं चित्र आहे. नवरा बायकोला किडनी देतोय असं प्रकरण आलं की आम्ही को-ऑर्डिनेटर ते एकमेकींना फोन करून सांगतो.

बंद दाराआड मी प्रत्येकीला एक वाक्य सांगते: ‘ताई, तुम्हाला नको असेल तर फक्त मला सांगा. घरच्यांना आम्ही सांगू की तपासणीत तुम्ही बसत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही.’ जगात बऱ्याच ठिकाणी को-ऑर्डिनेटर हे करतात. या वाक्यावर बायका रडल्या आहेत, आणि काही मोकळ्या मनाने घरी गेल्या आहेत.

या बाई आल्या तेव्हा हात थरथरत होते. पाण्याचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मी माझं वाक्य म्हटलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, ते खोटं होईल ना. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायचं नाही. नाही द्यायची ठरली तर मी त्यांना तोंडावर सांगीन.’

मी विचारलं, ‘आणि द्यायची का ठरलीय?’

‘ठरलीय. पण भीती वाटते.’

मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर. दोघं एकाच सकाळी आत जाणार आणि बाहेर बाकावर मुली बसणार. धाकटी दहावीला. आणि या सगळ्याच्या वर एक वेगळंच दुखणं. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली एक बाई घरी येऊन सांगून गेली होती, ‘तुझा विश्वास पक्का असता तर भीती उरलीच नसती.’ तेव्हापासून त्या रात्री उठून आधी भीती जावी म्हणून प्रार्थना करायच्या आणि ती जात नाही म्हणून परत घाबरायच्या. शेजारणीने नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोल म्हणून सुचवलं होतं. ‘आमच्यात नवस नसतो,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मी देवधर्मातली नाही. घरी दिवा लागतो तो सासूबाईंच्या हाताने. त्यामुळे मी जरा आडूनच विचारलं, की पत्नीने पतीच्या अधीन राहावं असं तुमच्यात शिकवतात ना, त्यातून तर हे आलेलं नाही? हा प्रश्न मी हिंदू बाईलाही विचारते, फक्त तिथे सावित्रीचं नाव घेते. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बालवाडीतली मुलं त्यांना का वचकत असतील ते मला कळलं. म्हणाल्या, ‘लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या लगेच मागोमाग गेल्या का? वेगळ्या राहिल्या, भांडल्या, विचार केला आणि १९०० साली स्वतःला पटलं तेव्हा बाप्तिस्मा घेतला. माझी आजी हे सांगायची. अधीन म्हणजे डोकं गहाण नाही, मॅडम.’

पाळकसाहेबांनाही त्या स्वतःच जाऊन विचारून आल्या होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, किडनी दिली नाही तर ते पाप नाही. दुसरी, गेथशेमाने बागेतली रात्र पुन्हा वाच. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशू व्याकूळ झाला होता, हा प्याला टळून जावो असं त्याने मागितलं होतं. बाई म्हणाल्या, ‘त्यालाच भीती वाटली, आणि त्याने ती बापापासून लपवली नाही. मग मी कशाला लपवू? त्या दिवसापासून मी भीती जाऊ दे असं मागायचं सोडलं. घेऊनच जाते म्हटलं.’

माझ्या नोंदीत मी लिहिलं: ‘दाता भयग्रस्त, निर्णय स्पष्ट, दबावाचे लक्षण नाही.’

कमिटीपुढे मात्र ते ‘हो’ कुणाला पचेना. ज्येष्ठ डॉक्टर गोंधळले. दुसऱ्या एका सदस्यांनी, ज्यांना प्रत्येक बैठकीत चार वाजता निघायचं असतं, सांगितलं, ‘कॅमेरा थांबवा, बाईंना पाणी द्या, उत्तर परत घेऊ.’ मी म्हटलं, रेकॉर्डिंग मध्ये तोडता येणार नाही. ‘पण मग स्वेच्छेने देताय ना?’ त्यांनी आवाज चढवून विचारलं. बाई म्हणाल्या, ‘स्वेच्छेनेच देतेय. मला कुणी पढवून पाठवलं असतं तर मी ‘भीती नाही’ म्हणाले नसते का?’

माझ्या मते त्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी बोललेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. पण आपल्याकडे दाता-पत्नी कशी दिसावी हे ठरलेलं आहे: डोळे कोरडे, पदर खांद्यावर, ‘यांच्यासाठी जीवही देईन.’ तसं म्हणणारीची फाइल वीस मिनिटांत सही होऊन बाहेर येते, आणि तिच्याबद्दलच मला रात्री झोप लागत नाही. या बाईंना पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नवऱ्याचं डायलिसिस लांबलं. मानसोपचारतज्ज्ञांनी दोन ओळी लिहिल्या: भीती परिस्थितीला साजेशी आहे, निर्णयक्षमता शाबूत आहे. मग सह्या झाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी काही चमत्कार झाला नाही, हे लिहायला हवं, कारण ही हकिगत सांगितली की लोक त्याचीच वाट बघतात. त्यांचं ब्लडप्रेशर चढलेलं होतं. मंगळसूत्र काढून, त्यातल्या क्रुसासकट, त्यांनी थोरलीच्या हातात दिलं. भूलतज्ज्ञांनी झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी बाईंनी दोन मिनिटं मागून घेतली आणि तेविसावं स्तोत्र म्हटलं, थरथरत्या आवाजात, मध्ये एकदा अडखळून. प्रेशर तसंच होतं. त्या तशाच आत गेल्या.

किडनी डावी घेतली. डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते, म्हणून सर्जनला बहुधा तीच हवी असते; पण दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवायची हा पक्का दंडक. यांच्या डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या तपासणीत, दोन्ही जवळपास सारख्या होत्या. दुर्बिणीतून काढलेली किडनी बर्फात ठेवून, थंड द्रावणाने धुऊन शेजारच्या थिएटरात नेतात. शिरा-धमन्या जोडून क्लॅम्प सोडले की करडी पडलेली किडनी गुलाबी होते, आणि नशीब असेल तर तिथेच लघवी यायला लागते. तशी आली. मी बाहेर जाऊन आधी मुलींना सांगितलं, ‘आई बरी आहे,’ आणि मग वडिलांचं. बातमीचा हा क्रम मी कुणासाठी बदलत नाही, नातेवाईक कितीही ओरडले तरी.

मला त्या अजून सुटत नाहीत ते माझ्या त्या वाक्यामुळे. मी उघडलेलं दार त्यांनी देवाला स्मरून बंद केलं. खोटं बोलायचं नाही, म्हणजे मागे फिरायचं झालं तर नवऱ्याच्या डोळ्यांत बघून फिरायचं. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘मी देत नाही’ असं सांगणं किती जणींना जमेल? त्यांच्या श्रद्धेने त्यांना धीर दिला हे मी पाहिलंय. पण तिनेच सुटायची वाट अवघड करून ठेवली, हेही पाहिलंय. यांना ते सांगता आलं असतं असं मला सोमवारी वाटतं, बुधवारी वाटत नाही. बाकीच्या बायकांना मी ते वाक्य अजून सांगतेच.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. नवऱ्याची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, रिपोर्ट तारखेनुसार लावलेले, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या गोळ्यांच्या वेळा लाल पेनाने लिहिलेल्या. नवऱ्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा) १.३ होतं, ते बाईंनी मला दोनदा दाखवलं. मी विचारलं, ‘भीती गेली का?’ म्हणाल्या, ‘कुठली? आता हा आकडा वाढेल याची वाटते. रोज सांगते देवाला.’

‘आणि तुमचा रिपोर्ट?’

दात्याचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, ब्लडप्रेशर. डिस्चार्जच्या कागदावर मी स्वतः गोल करून दिलं होतं. किडनी देऊन झाली की दाते गायब होतात आणि त्यांच्यामागे फोन करत फिरणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात निष्फळ काम आहे. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. बाईंची तपासणी झालीच नव्हती. बालवाडीत स्नेहसंमेलन होतं म्हणे. मी नवऱ्यासमोरच दोघांना झापलं. पुढच्या वेळी नक्की आणते, म्हणाल्या. परवा फोन केला तेव्हाही तेच म्हणाल्या.