मायनस वन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. लाल रंग मारला की जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट, भंगारात. पिवळा मारला की रीवर्क, म्हणजे सुधारून परत. दिवसभर हेच.

रात्री वडगावच्या घरी जमेल तसं कोडिंग. कोड सगळ्यांना खुला असलेल्या एका ओपन सोर्स कीबोर्डमध्ये ऱ नीट उमटत नव्हता. 'आचाऱ्यांना' टाइप केलं की 'आचार्यांना' व्हायचं. लग्नातल्या स्वयंपाक्याला धाडलेला निरोप गुरुजींना मिळाला म्हणायचं! दुरुस्ती 4 ओळींची. त्या लिहायला अर्धा तास लागला, पाठवायला दोन रात्री. तिथं रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासून मत द्यायला, गेरिट नावाचं सॉफ्टवेअर होतं. कमिट मेसेजच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाच्या, तळाशी चेंज-आयडी, म्हणजे त्या बदलाची ओळखखूण नाही, म्हणून पहिला पुश, म्हणजे पाठवलेला कोड, परत आला. तो आयडी आपोआप घालणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुक, आधी उतरवून घ्यायची असते, हे मला कुठलं माहीत?

शेवटी गेलं एकदाचं. सकाळी बघतो तर लाल मायनस वन. आई चहा घेऊन मागं उभी. "मायनस मार्क बी देतात काय रे?" मी लॅपटॉप मिटला. खाली रिव्ह्यूअरनं काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी शॉपमध्ये एका नवीन पोरानं पिवळ्या रंगाचे जॉब भंगारात टाकले. त्याला झापता झापता मला माझंच आठवलं.

घरी येऊन वाचलं. गेरिटमध्ये मायनस वन म्हणजे 'आहे तसं नको, सुधारून दे'. अडवतो तो मायनस टू. म्हणजे मला मिळालेला पिवळाच होता, फक्त लाल रंगात मारलेला. मर्ज व्हायला, म्हणजे बदल मूळ कोडात जायला, प्लस टू लागतो, आणि दोन प्लस वन मिळून प्लस टू होत नाही. शाळेतलं गणित इथं चालत नाही. रिव्ह्यूअरनं विचारलं होतं, या दोन 'र'मध्ये फरक काय? त्याला मराठी कुठली येणार! आचारी आणि आचार्य समजावून सांगितले. मग नवा कमिट केला तर वेगळाच चेंज उभा राहिला. जुनाच कमिट अमेंड करायचा, म्हणजे त्यातच दुरुस्ती करायची असते, हेही त्यानंच शांतपणे सांगितलं. चौथ्या पॅचसेटला, म्हणजे चौथ्या आवृत्तीला, मर्ज झालं.

गिटहब या दुसऱ्या साइटचं पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, नवख्याला सोपं, कबूल. पण टेस्ट चालवायच्या तिथल्या फुकटच्या मशीनवर लोक क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, खणायला लागले, तेव्हा 2021 पासून तिथं पहिल्यांदा येणाऱ्याच्या टेस्ट मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, हो म्हटल्याशिवाय सहसा चालतच नाहीत. तो नाही फिरकला की बस वाट बघत. त्यापेक्षा मला मायनस वन परवडला. निदान कुणीतरी बघितलं तरी.

आता तिथं मीही रिव्ह्यू करतो. नवीन कुणी आला की नुसती कॉमेंट लिहितो, आकडा शून्यावरच ठेवतो. परवा एकानं विचारलं, "सर, शून्य म्हणजे नापास काय?"