आमची वाटचाल : पात्रांच्या पायांनी

आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ छोटा आहे आणि काम एकच घेतो: पात्रांना चालवायचं. धूर, पाणी, स्फोट घेऊन कोणी आलं तर हात जोडून दुसरीकडे पाठवतो. चालण्याचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात. त्यांना ते सोपं वाटतं. पण ड्रॅगन कोणी पाहिलेला नसतो, त्याचं काहीही खपून जातं. माणसं चालताना सगळेच रोज बघतात.

सुरुवातीला आम्ही दोघंच. भागीदार रिगर, म्हणजे पात्राला आतून सांगाडा आणि हलवायचे कंट्रोल बांधून देणारा. त्याने बांधलेला पाय अजून वापरतो: टाच, चवडा, बोटं यांना वेगळे कंट्रोल, टाच कितीही उचला, चवडा हलणार नाही. माझं हत्यार म्हणजे काचेवर लिहायची पेन्सिल. जुन्या मॉनिटरवर फ्रेमगणिक घोट्यावर आणि कंबरेवर ठिपका द्यायचा. ठिपक्यांच्या वळणात मध्येच टोक निघालं की खोट तिथेच. आता सॉफ्टवेअर तो मार्ग आपोआप काढून देतं, तरी पेन्सिल टेबलावर असतेच. भिंतीवर मायब्रिज या छायाचित्रकाराचे १८८०च्या दशकातले चालणाऱ्या माणसांचे फोटो आहेत. नवीन मुलाला त्यात टाच टेकते तो फोटो आणि लगेच पुढचा, गुडघा वाकून कंबर खाली जाते तो, शोधायला लावतो. वजन त्या दुसऱ्यात आहे. टाच टेकतानाच वजन दाखवायला जाणारी मुलं फार.

पुढची वर्षं बरी गेली. मग ती मालिका आली.

मोठ्या डोक्याची, बुटक्या पायांची पात्रं. पहिला भाग आमचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मोठ्या माणसाचं साधं पाऊल १२ फ्रेमचं. ह्यांना आम्ही ८ वर आणलं, तेव्हा कुठे ती तुरुतुरु चालू लागली. दुसऱ्या भागाआधी एका मोठ्या स्टुडिओने निर्मात्याला मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या नटाची हालचाल टिपून पात्रावर चढवणं, दाखवलं, निम्म्या वेळात देतो म्हणाले. काम गेलं. आमचे चांगले अ‍ॅनिमेटर त्यांच्या मागोमाग गेले. वर झालेल्या कामाचं बिल 'चाल जड वाटते' एवढ्या शेऱ्यावर अडकवलं. जड! तुरुतुरु चालणारं पात्र! रेंडरची मशिनं विकली, पगार थकले. भागीदाराने स्वतःचे पैसे उचलणं बंद केलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मोशन कॅप्चरशी माझं वैर नाही. पण सूट घातलेला नट उंचापुरा आणि पात्राचे पाय वीतभर. नटाच्या सांध्यांचे कोन पात्रावर चढवले की पाऊल आखूड पडतं, शरीर मात्र नटाइतकंच पुढे सरकतं, आणि पाय बर्फावर असल्यासारखे घसरतात. शरीराचं अंतर कमी करावं तर पात्र शॉटमध्ये जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. पाऊल जमिनीला खिळवावं तर पाय ताणून सरळ होतो आणि गुडघा फटकन उडतो. मग कंबर किंचित खाली घ्या, पाय पूर्ण सरळ होऊ देऊ नका, पावलं पुन्हा लावा, तेही शॉटगणिक, हाताने. एवढं करणार कोण?

शेवटी निर्मात्याचा फोन: "जरा पाय तेवढे बघाल का?" निम्म्या दराने, आणि नाव येणार नाही. घेतलं, कारण पगार द्यायचे होते. नामावलीत आजही त्या मोठ्या स्टुडिओचंच नाव आहे.

त्या दिवसांत तगलो ते एका बाईंमुळे. त्या मुलांसाठी शैक्षणिक फिल्म करतात. तपासायला आल्या की आवाज बंद, पडद्याचा वरचा भाग वहीने झाकायचा आणि फक्त पाय बघायचे. मग वही खाली धरून खांदे. "खांदे कंबरेच्या उलट फिरतायत ना? मग झालं." पैसे आगाऊ. त्यांचं काम आजही आमच्याकडे रांगेत उभं राहत नाही.

जागच्या जागी चालण्याची सायकल, म्हणजे तीच दोन पावलं पुन्हा पुन्हा फिरवायची चाल, करत असाल तर टेकलेला पाय मागे जातानाचा कर्व्ह (कुठल्या फ्रेमला पाय कुठे, त्याचा आलेख) सरळ रेषेतच ठेवा. सॉफ्टवेअर स्वतःहून टोकांना वळण देतं, तिथे पाय मंदावतो, जमीन नाही. आणि चाल जड वाटते म्हणणाऱ्याला कितवी फ्रेम ते विचारा. आमच्या करारात आता ते कलमच आहे: शेरा लेखी, फ्रेम नंबरासकट, नाहीतर बिल मंजूर.