जळालेल्या स्लो कुकरचं काय काय झालं

अमेरिकेहून कायमचं परत आलेल्या कुटुंबाचं सामान कोथरूडमध्ये उतरलं, की पुढच्या महिन्याभरात त्यातली एखादी वस्तू दुरुस्तीला माझ्या टेबलावर येतेच. बहुतेकदा हेअर ड्रायर, नाहीतर टोस्टर. कारण ठरलेलं असतं. आपल्या घरातल्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये दोन चपट्या पिनांचा तिकडचा प्लग आरामात बसतो, आणि बसला म्हणजे चालेल असं माणूस धरून चालतो. पण तिकडे घरात १२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०. बाजारात मिळणारा छोटा ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेजला हात लावत नाही. हे मी दुकानाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावलंय. पण ते वाचायला माणूस दुकानात येतो, तोवर वस्तू जळालेली असते.

गेल्या डिसेंबरात आला तो स्लो कुकर होता, दिवसभर मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं. चाळिशीतला एक गृहस्थ गोल, जडशीळ भांडं छातीशी धरून पायरी चढला. मागोमाग त्याच्या आई, काचेचं झाकण टॉवेलात गुंडाळून घेतलेल्या. टेबलावर ठेवतानाच जळक्या इनॅमलचा आणि करपलेल्या पावट्याचा वास आला.

"दादा, उसळ घालून हायवर लावला आणि आंघोळीला गेलो. बाहेर येईपर्यंत घरभर धूर. एमसीबीसुद्धा पडला नाही हो!"

पडणार कसा? एमसीबी वीज तोडतो ती करंट फार वाढला तर. बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर १२० व्होल्ट, २४० वॅट असं छापलेलं होतं. म्हणजे हायवरची तार ६० ओहमची. तिला २३० व्होल्ट मिळाले तर करंट चार अँपिअरच्याही आतच राहतो, आणि एमसीबीच्या लेखी तो किरकोळ लोड. वॅट मात्र होतात ८८०. व्होल्टेज वाढतं त्याच्या वर्गाच्या पटीत उष्णता वाढते, हे आम्हाला औंधच्या आयटीआयमध्ये घोकून घेतलं होतं. दिवसभर मंद तापत राहण्यासाठी केलेल्या तारेवर साडेतीनपटीहून जास्त भार पडला, आणि ती जिथं जरा बारीक असेल तिथं तुटली.

त्यांनी नवा मागवला होताच. प्रश्न एवढाच होता की हा भंगारात द्यावा का. भंगारवाला पत्रा आणि वायर वजनावर घ्यायला तयार होता, आतलं मातीचं भांडं नको म्हणत होता. तिथंच आजींचं अडलं होतं. सून तिकडे हॉस्पिटलात नोकरीला, मुलाची ऑफिसची वेळ वेगळी, आणि आजी सहा-सहा महिने नातवंडांपाशी राहायला जायच्या. सकाळी यात डाळ नाहीतर भिजवलेले हरभरे घालून ठेवले, की जो ज्या वेळेला घरी येईल त्याला गरम वाढता यायचं. "आमच्या घरी चुलीला वैल होता ना, तसाच हा विजेचा वैल बघ बाळा. दूध, डाळ ठेवून द्यायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं."

वैल म्हणजे चुलीच्याच उष्णतेवर मंद तापणारी बाजूची जागा. आजी नेमकं बोलल्या. या यंत्राचा जन्मही अशाच एका रात्रभरच्या मंद आचेतून झाला आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या इंजिनिअरनं त्याच्या आईकडून लिथुआनियातल्या गावची एक आठवण ऐकली होती. शनिवारी ज्यू घरांत चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याच्या बिया, धान्य आणि मांस घातलेलं मडकं गावच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझत विझत रात्रभर ते शिजवायची. त्या पदार्थाला म्हणतात चोलंत. नॅक्सननं भांड्याभोवती सगळ्या बाजूंनी तापणारी तार गुंडाळली आणि १९४० मध्ये पेटंट मिळवलं. १९७० मध्ये त्याची कंपनी रायव्हल या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी तेच यंत्र क्रॉक-पॉट या नावानं अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत शिरलं. तळाशी एकच ज्वाळा नाही, चहूबाजूंनी हळू ऊब: कल्पना एवढीच, पण ती मला फार आवडते.

मी त्यांना सांगितलं, दुरुस्त होण्यासारखा नाही, पण उघडल्याशिवाय भंगारात देऊ नका. दुकानात गर्दी नव्हती. दोघंही स्टुलांवर बसले.

बुडाचा एक नट काढला की खालचा पत्रा सुटतो. आत दुसरं पत्र्याचं भांडं, आणि त्याच्या कमरेला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेली पट्टी, स्प्रिंगनं ताणून बसवलेली. पट्टीच्या आत काचतंतूच्या नळीत तापणारी तार, नायक्रोम या मिश्रधातूची. इथं हातमोजे घालायचेच. ते काचतंतू बोटांत शिरले की दोन दिवस खाज जात नाही. माझ्या हाताखालचा मुलगा घाई करत होता, त्याला आधी मोजे घालायला लावले. एका ठिकाणी पट्टी काळी पडून तिला शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं. बाकी सगळी पट्टी स्वच्छ.

मीटर लावला. हायचं वेटोळं तुटलेलं. पण या मॉडेलात दोन वेटोळी होती. हायवर ६० ओहमचं एकटं चालायचं, लोवर त्याच्याच पुढे २० ओहमचं दुसरं जोडलं जायचं. एकूण ८० ओहम, म्हणजे १८० वॅट. कुकर हायवर होता, त्यामुळे या दुसऱ्याला त्या दिवशी वीज लागलीच नव्हती. मीटरवर २० चा आकडा स्थिर उभा राहिला तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

गृहस्थ म्हणाले, "मग एक डायोड टाकून चालू करता येईल का? एकानं सांगितलं होतं." हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो, म्हणून त्याबद्दल सांगतो. डायोडनं विजेची अर्धी लाट अडते आणि शक्ती निम्मी होते, १२० व्होल्टला लागते तेवढी होत नाही. ८८० चे निम्मे ४४०. २४० वॅटच्या तारेला तेही जवळजवळ दुप्पट. असा कुकर पहिल्या दिवशी चालतो आणि काही दिवसांनी रात्री कधीतरी जळतो, तेव्हा घरातली माणसं झोपलेली असतात. तिकडची तापणारी वस्तू इथं वापरायचीच असेल तर योग्य क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. २४० वॅटसाठी मी ५०० व्हीएचा सांगतो. ५० हर्ट्झ की ६०, याची काळजी हीटरला नसते. पण इथं ६० ओहमची तार मेलीच होती, आणि उरलेल्या २० ओहमला १२० व्होल्ट दिले तरी ७२० वॅट होतात. म्हणजे स्वयंपाक आता यात शिजणार नाही, हे नक्की.

आता आतलं मातीचं भांडं. ते स्टोनवेअर आहे, आपल्या बरणीच्या जातीचं, जाड आणि लुकण, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवलेलं. ते थेट गॅसवर ठेवायचं नाही, हे आजींना दोनदा सांगितलं, कारण अनेक घरांत पहिला विचार तोच येतो. ज्वाळा तळाच्या मधोमध लागते, कडा गार राहते, आणि भांडं तडकतं. त्याच्यावर आधीच एकदा भलती उष्णता गेली होती, म्हणून आधी ते धड आहे का बघायचं होतं. तळहातावर तोलून बोटाच्या पेरानं वाजवलं. कुंभारवाड्यात माठ घेताना वाजवतो तसंच. खणखणीत वाजलं. तरी लुकणात केसासारख्या भेगा असतात, त्या कानाला कळत नाहीत. आतून लाल शाई चोळली, थोडा वेळ ठेवली आणि ओल्या फडक्यानं पुसली. भेग असती तर शाई तिच्यात राहून लाल रेघ दिसली असती. आतली सगळी बाजू पांढरी निघाली. बाहेर तळाच्या कोऱ्या कडेला तेवढी शाई शोषली गेली. रेघ निघाली असती तर मी ते कुंडी म्हणून वापरा असं सांगितलं असतं, खाण्याच्या कामाला नाही. जुन्या लुकणात शिसं असू शकतं, आणि भेगाळलेल्या लुकणावर लोणचं, ताक, चिंच असलं आंबट ठेवणं मला पटत नाही. हे भांडं धड असलं तरी त्यात लोणचं मुरवू नका असंच मी म्हणालो.

"मग दही?" आजींनी विचारलं. आणि थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, पुण्यात आल्यापासून दह्याचं विरजण रात्रभर तसंच पाणचट राहतं, हे सगळं त्यांनी सांगितलं. दही लावताना दूध ४०-४५ अंशांवर असावं लागतं आणि ती ऊब काही तास टिकावी लागते. पिठाला तिशीच्या आसपास पुरते. डिसेंबरात आमच्या भागातल्या स्वयंपाकघरात रात्री १८ अंश असतात.

मी कागदावर आकडेमोड केली. २० ओहमला १२ व्होल्ट दिले तर सात वॅट, २४ दिले तर जवळजवळ २९. माझ्याकडे भंगारातल्या प्रिंटरचा, २३० चे २४ व्होल्ट करणारा अडॅप्टर पडून होता, दीड अँपिअर देणारा. या तारेला सव्वा अँपिअर लागतो. २९ वॅट म्हणजे देवघरातल्या जुन्या बल्बएवढी ऊब, तीही चहूबाजूंनी पसरलेली. आजींना नेमकी हीच हवी होती.

पुढचं काम सावकाश केलं. जळालेलं ६० ओहमचं वेटोळं पट्टीतून ओढून काढलं, भोक पडलेली जागा कापली आणि उरलेली पट्टी स्प्रिंगसकट पुन्हा ताणून बसवली. मूळ कुकरमध्ये थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमानाला उडून वीज तोडणारा फ्यूज, नव्हता. मी ७७ अंशांचा एक पट्टीला चिकटून बसवला. त्याला सोल्डरचा डाग मारायचा नसतो, त्या उष्णतेनं तो तिथंच उडतो. म्हणून तांब्याची नळी दाबून जोडला. स्विचवरच्या हायच्या जागेला काही जोडलं नाही. आणि मूळ प्लग त्या दोघांसमोर कापून टाकला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो प्लग राहिला असता तर सहा महिन्यांनी पाहुणा, मोलकरीण किंवा नातू, कुणीतरी तो पुन्हा भिंतीत खुपसला असता. कापलेल्या वायरला अडॅप्टरची गोल पिन लावली आणि अंगावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: फक्त २४ व्होल्ट. यात शिजवू नये.

भांडं त्या रात्री दुकानातच ठेवलं, अर्ध्याच्या वर पाणी भरून, झाकण लावून, वर टॉवेल टाकून. सकाळी शटर उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवला. दुकानात १८, पाण्यात ३३. पट्टीला हात लावून बघितला, कोमट. अडॅप्टरही फार तापला नव्हता. दुपारी आजी स्वतः रिक्षानं न्यायला आल्या.

काढलेली तार मी फेकली नाही. चार मीटरच्या आसपास नायक्रोम भरली, दर मीटर लांबीला साधारण १५ ओहम. एकदा लालभडक होऊन गेलेली नायक्रोम ठिसूळ होते, तुटलेल्या जागेजवळ ती बोटांत मोडत होती. तेवढा भाग कापून बाकीची बाटलीवर गुंडाळली. जवळच्या ज्युनिअर कॉलेजातले फिजिक्सचे सर अशी तार मागून नेतात. बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर अनोळखी तारेचा रोध काढायचा असतो, आणि मुलं जाडी मोजून तिची रोधकता काढतात. सरांना सांगितलं, ही अमेरिकेतून आलेली, कोथरूडमध्ये जळालेली तार आहे, मुलांना तिची गोष्टही सांगा. त्यांनी वर्गात ८८० वॅटचं गणित फळ्यावर सोडवून घेतलं असं नंतर कळलं. ते ऐकून फार बरं वाटलं, कारण त्या वर्गातली निम्मी मुलं पुढे बाहेरगावी, परदेशी जाणार आहेत.

खालचा पत्रा बदलताना जुने रबरी बूट सुटे झाले होते. ते दुसऱ्याच दिवशी एका मिक्सरला लागले. मिक्सर ओट्यावर सरकतो म्हणून एक ताई घेऊन आल्या होत्या. कुकरला मी जाड फेल्टच्या चकत्या लावून दिल्या. स्विचचं बटण तडकलं होतं. त्याचा दांडा एका बाजूनं सपाट असतो, आणि आपल्याकडच्या एका जुन्या फॅन रेग्युलेटरचं बटण त्यावर चपखल बसलं. भंगाराच्या पोत्यात शेवटी गेलं ते जळका पत्रा, काचतंतूची नळी आणि तो कापलेला प्लग.

जानेवारीत आजींचा फोन आला. दही लागतंय, घट्ट लागतंय, इडल्या हलक्या होतायत. पण मटकीला मोड आणायला ठेवली तर वास आला, असं का?

मी विचारलं, पाणी निथळून फडक्यात बांधली होती की तशीच ओली, झाकण लावून? तशीच ठेवली होती. म्हटलं, आजी, मटकीला २४ व्होल्टची ऊब आणि वर बंद झाकण जास्त होतंय. फडक्यात बांधा, झाकण थोडं तिरकं ठेवा, आणि नातवाला सांगा की वायफायच्या जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे का बघ, त्याच्यावर निदान एक अँपिअर लिहिलेलं असलं पाहिजे. पिन बसत नसेल तर घेऊन या, मी बदलून देतो.